काठावरचा हिवाळा

फिलो, मंडळाच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल सगळे फार छान छान लिहितायत. हसतमुख काय, सेवाभावी काय, सदा मदतीला तत्पर काय. वाचून मला वैताग आला. हसतमुख होतीस खरी, पण सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि मदत म्हणजे आधी समोरच्याची दहा मिनिटं हजेरी घ्यायची आणि मग त्याचं काम करून टाकायचं. मलाही चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मी लिहिल्या, पाठवल्या, लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मुख्य गोष्ट मात्र मी त्यात घातलीच नाही.

तू जाऊन पंचवीस दिवस झाले. ती मुख्य गोष्ट मी काल तुझ्या नवऱ्याला सांगितली. सायमन मला जे म्हणाला ते तुला कळायलाच हवं, आणि आता कळवायचं कसं तेही मला ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात तू केलीस. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात. शुक्रवारची मिस्सा आटोपून तू बहारीनच्या त्या टोकाच्या मुहर्रकहून आमच्याकडे जनाबियाला आलीस आणि आपण मासे घ्यायला म्हणून पश्चिमेच्या किनाऱ्याने निघालो. पाण्यात पाच-सहा रंगीत शिडं चालली होती. तू गाडी थांबवायला लावलीस. एक बाई फळीवर उभी, दोन्ही हातांत शीड धरलेलं, सरळ आपल्याकडे आली, काठाजवळ वळली आणि परत निघून गेली. साठीची तरी असेल. तू म्हणालीस, मला हे करायचंय. मी म्हटलं, आधी मासे घेऊ.

मासे राहिलेच. घरी येताना सगळा वेळ तू सांगत होतीस, वसईला तुझ्या माहेरापासून समुद्र चालत पंधरा मिनिटांवर, पण गुडघ्याच्या वर पाण्यात तुला कधी कुणी जाऊ दिलं नाही. भाऊ पोहायचे आणि तुम्ही बहिणी त्यांचे कपडे सांभाळत वाळूत बसायचात. पोहायला तू शिकलीस ती इथे, नर्सची नोकरी सांभाळत, बेचाळिसाव्या वर्षी. मी मात्र सांगलीची, कृष्णेत पोहलेली, आणि हे मी येताजाता ऐकवत असे. पुढे जे झालं त्यात या बढाईचा वाटा मोठा आहे, म्हणून इथे कबूल करून टाकते.

शिकवायला आपल्याला अबू यूसुफ मिळाला. रिटायर झालेला बहारीनी माणूस, दाढी पांढरी, आवाज पहाडी, आणि हिंदी अशी की आपण दोघी खाली मान घालून हसायचो. मी त्याला म्हटलं, आत्ता थंडी आहे, मार्चमध्ये सुरू करतो. तो म्हणाला, थंडीतच शिका, थंड पाण्यात पडायचा कंटाळा येतो म्हणून माणूस लवकर उभं राहायला शिकतो. माझी आई फोनवर म्हणे, बहारीनला कसली आलीये थंडी, काहीतरीच तुझं. तिला म्हटलं, जानेवारीत शमाल सुटला असताना छातीइतक्या पाण्यात उभी राहून दाखव. शमाल म्हणजे आमचा इथला उत्तरेकडचा वारा. तो हाडांत जाऊन बसतो.

पहिल्याच दिवशी आपण शोभा करून घेतली. थंडीचं पाणी म्हणून मी घरून तिळाच्या तेलाची बाटली आणली होती. आमच्याकडे थंडी म्हटलं की तेल, त्यात विचार करायचा नसतो. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये मी तुझ्या आणि माझ्या हातापायांना चांगलं चोळून लावलं. मग फळीवर चढलो आणि साबणावरून जावं तशा दोघी पलीकडे. पुन्हा चढलो, पुन्हा पलीकडे. अबू यूसुफने फळीवर हात फिरवला, बोटांचा वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला चाळीस वर्षं मागे शाळेत गेल्यासारखं झालं. अर्धा दिवस आपण दोघी फळ्या घासत बसलो. तू इतकी हसत होतीस की घासण्याचं काम मलाच करावं लागलं.

तेलाचं हसण्यावारी गेलं. वेटसूटचं नाही गेलं. आमच्या कंपाउंडमधलं एक कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडे दोन वेटसूट होते, एक मध्यम आणि एक चांगलाच मोठा. मध्यम तुला अगदी चोपून बसला. मी म्हटलं, एवढा घट्ट? श्वास तरी घेता येतोय का? मोठा घे, आत गरम बनियन मावेल. आपल्याकडे कपडा नेहमी थोडा वाढत्या अंगाचा घ्यायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की सेहेचाळीस वर्षांची बाई आता वाढणार कुठे, हे मला सुचलंच नाही. तू माझं ऐकलंस. मोठा तू घेतलास आणि मध्यम माझ्याकडे आला. अबू यूसुफने तुझ्या कमरेशी चिमटीत रबर धरून ओढलं आणि सांगितलं, सिस्टर, ये तो पानी का थैली है. अंगाला चिकटून बसला तरच आतलं पाणी अंगाच्या उबेने गरम राहतं, सैल असला की दर वेळी नवं थंड पाणी आत. मी त्याच्याशी वाद घातला. तू कमरेला परकराची नाडी बांधलीस आणि म्हणालीस, चालतंय, बाय, नको भांडूस. तो सूट बदलायचा राहून गेला.

पण ते दोन महिने फिलो, काय सांगू. मला तसे दिवस लग्नाआधीही मिळाले नव्हते. पाय डोलकाठीच्या दोन बाजूंना, गुडघे वाकलेले, पाठ वाऱ्याकडे, आणि दोरीने ते ओलं शीड पाण्यातून उपसायचं. हातांची सालटी निघाली. ऑफिसात पेन धरता येईना, आणि मी अकाउंट्सच्या माणसांना सांगितलं की घर साफ करताना झालं. तू पडलीस की शिवी घालायचीस आणि लगेच क्रूस करायचीस. आपला कायमचा वाद एकच, नजर कुठे ठेवायची. मी पायांकडे बघायचे, तू म्हणायचीस जायचंय तिकडे बघ, पाय कुठे पळून जात नाहीत. मी कधी मान्य केलं नाही. वारा आपल्याला दर वेळी काठाच्या कडेकडेने खाली वाहवत न्यायचा आणि मग फळी ओढत चालत परत यायचं. जिथून निघालो तिथेच परत यायचं, एवढी एकच गोष्ट आपल्याला जमायची होती.

आता तो शुक्रवार. जानेवारीचा शेवटचा.

शमाल थांबला होता आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारा उबदार वारा सुटला होता. काठाशी पाणी ताटासारखं सपाट. अबू यूसुफ यायचा होता, शेडची किल्ली त्याने विश्वासाने आपल्याकडे दिलेली. त्याने पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, हवा जमीन से आया तो खलास, मफी बहर, समंदर नहीं, चाय पियो, घर जाओ. तू तेच म्हणालीस, अगदी त्याच्याच आवाजात. मी म्हटलं, पाणी तरी बघ, असं पुन्हा कधी मिळणार? इथल्या इथे फिरते. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, अगं मी कृष्णेत पोहलेली आहे. हातमोजे उकडतात म्हणून तुझ्याकडे टाकले आणि गेले.

आणि जमलं की गं. पहिल्यांदा नीट जमलं. पाठीवर वारा, शीड हलकं, फळी आपली आपण सुळसुळत चाललेली. इतक्या खुशीत होते की मागे वळून बघितलंच नाही. बघितलं तेव्हा शेडचं छप्पर नखाएवढं दिसत होतं. वळायला गेले आणि पडले. तिथे पाणी सपाट नव्हतं. शीड उपसलं की वारा ते ओढून मला आणखी आत न्यायचा. पाच-सहा वेळा झालं आणि मग बोटं दोरीवर मिटेनाशी झाली. माझी बोटं माझं ऐकत नाहीत, हे कळल्यावर मी रडायला लागले.

तू अबू यूसुफला फोन केलास आणि निघालीस. वाऱ्याने मला जिथे नेलं होतं तिथे तोच वारा तुलाही आणून सोडणार होता, येणं सोपंच होतं. परत जाता येणार नाही हे तुला निघतानाच माहीत होतं. तू अबू यूसुफचं सगळं ऐकायचीस, मी अर्धंच.

येऊन तू मला काही बोलली नाहीस. दोन्ही फळ्या दोरीने बांधल्यास, मला पालथं पाडलंस, हातमोजे घातलेस आणि वरून स्वतः आडवी झालीस, माझ्या पाठीवर. मग म्हणालीस, माशांची नावं घे. मी म्हटलं काय? तू म्हणालीस, नावं घे, झोपायचं नाही. सांगलीच्या बाईला माशांची अशी किती नावं येणार? सुरमई, बांगडा, पापलेट. पुढे? बोंबील. पुढे? तू एकेक सांगायचीस आणि माझ्याकडून वदवून घ्यायचीस. मांदेली, मुडदुसे, तारली. मधूनच उठून दोन्ही हात डोक्यावर हलवायचीस, पुन्हा झोपायचीस. तुझे दात वाजत होते ते मला माझ्या मानेपाशी ऐकू येत होते. तुझ्या त्या सैल सुटात पाणी आत-बाहेर करत होतं, आणि माझा मात्र चोपून बसलेला. पाऊण तासाने मासेवाल्याची बोट आली, पुढे उभा राहून अबू यूसुफ ओरडत होता. तोवर तू नावं घ्यायची थांबली होतीस.

हॉस्पिटलात तुलाच जास्त झालं होतं. तुला दाखल केलं, मला तासाभरात सोडलं. सायमन माआमीरच्या कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आला. माझा नवरा अजित त्याच्या शेजारी उभा होता, आणि तो आधीपासून म्हणत होता की वैशालीला कुठे थांबायचं ते कळत नाही, ही एक दिवस काहीतरी करून बसणार. सायमनने विचारलं, "आधी कोण गेलं?"

मी म्हणाले, "फिलो गेली. मी तिला थांबवायला मागून गेले."

आज हे लिहिताना माझा हात थांबतोय, तेव्हा जीभ थांबली नाही. नुसता दोष टाकला असता तरी एक वेळ ठीक होतं. मी तुझं येणंही माझ्या नावावर करून घेतलं. तू दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत होतीस, डोळे उघडे. तू माझ्याकडे बघितलंस. मग सायमनकडे बघून म्हणालीस, "हो. माझंच डोकं फिरलं होतं."

अजितने मला घरी नेऊन आल्याचा चहा पाजला. मैत्रिणीसाठी जीव धोक्यात घातलास म्हणाला. मी तो चहा प्यायले.

सायमनने तुझ्याकडून शब्द घेतला, पुन्हा पाण्यात जायचं नाही. तू दिलास आणि पाळलास. मी महिनाभर तोंड लपवून बसले आणि मग, लाज सोडून सांगते, पुन्हा जायला लागले. अजितने हरकत घेतली नाही, मी शहाणी बाई ठरले होते ना. या गेल्या हिवाळ्यात तू माझ्याबरोबर दर शुक्रवारी यायचीस. शेडपाशी खुर्ची टाकून, अंगावर सायमनचं जाकीट, मांडीवर थर्मास, आणि माझे बूट, चष्मा, किल्ल्या, फोन सगळं तुझ्यापाशी. वसईत भावांचे कपडे सांभाळत बसायचीस, इथे माझे. मला हे तेव्हाच दिसत होतं, फिलो. दिसत होतं आणि मी शीड उचलून पाण्यात जात होते.

तिथून तू ओरडायचीस. कोपर सरळ कर. ढुंगण आत घे. वर बघ, पायात काय ठेवलंय? आजूबाजूचे गोरे लोक तुला प्रशिक्षक समजायचे. एकाने तर येऊन तुझी फी विचारली. तू त्याला थर्मासातला चहा दिलास आणि त्याचीही अर्धा तास हजेरी घेतलीस.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी मी निघाले, लांब गेले, वळले आणि तुझ्या खुर्चीच्या बरोब्बर समोर येऊन उतरले. एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. मी वर बघत होते, तू सांगायचीस तशी. तुला हे सांगायचं राहिलं, वादात तूच बरोबर होतीस. तू टाळ्या वाजवल्यास, मला टॉवेल दिलास, चहा ओतलास. आणि मग इतक्या सहज म्हणालीस की मला आधी कळलंच नाही.

"आता जमलं ना तुला? मग आता सायमनला एकदा सांगून टाक. मी नाही सांगणार, ते तुझ्याच तोंडून यायला हवं. पुढच्या थंडीत मला पण जायचंय."

वर्षभरात तू एवढं एकदाच मागितलंस. मी म्हटलं, सांगते गं, ईद झाली की सांगते. रमजानात कशाला उगाच. आता रमजानाचा आणि सायमनच्या घराचा काय संबंध? पण तोंडाला आलं ते बोलले. तू म्हणालीस, इंशाल्ला? आणि हसलीस. तुझ्या मनात आलं असेल, हिचं इंशाल्ला मला चांगलं माहितीय.

ईद आठ दिवसांवर असताना तू गेलीस. सकाळची ड्यूटी, पेशंटची पट्टी बदलत होतीस, डोकं दुखतंय म्हणालीस, बसलीस आणि उठलीच नाहीस. तुला विमानाने वसईला नेलं. मला रजा मिळाली असती. मी मागितली नाही. तुझ्या बहिणींसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

सायमन परवा परत आला. काल दुपारी मी मुहर्रकला तुमच्या घरी गेले. दार उघडून त्याने मला आत घेतलं, चहा ठेवला, साखर त्याला सापडेना, मी काढून दिली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. म्हटलं, सायमन, त्या दिवशी आधी मी गेले होते. ती नको म्हणत होती. ती मला आणायला आली. तुम्ही तिचं जाणं बंद केलंत ते माझ्या खोट्यावरून. तिचा शेवटचा हिवाळा मी घेतला. तुम्ही मला घराबाहेर काढलंत तरी मी काही म्हणणार नाही.

त्याने गॅस बारीक केला. म्हणाला, "माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये अबू यूसुफ थांबला होता, तुम्हा दोघींचे बूट आणि फोन घेऊन. त्याने सगळं सांगितलं, कोण आधी गेलं, कोण मागून.

मी विचारलं, मग तिला का अडवलंत?

"खरं धरलं असतं तर तिला अडवायला माझ्याकडे काय होतं? दुसरी बुडतेय म्हणून गेलेल्या बाईला नवऱ्याने काय सांगायचं, की जाऊ नकोस? तू जे बोललीस ते मला सोयीचं पडलं, वैशाली. मला ती घरी हवी होती. ती खुर्चीत बसलीये, हे डोळ्यांसमोर आलं की मला कामावर बरं वाटायचं."

चहा उतू गेला, त्याने पुसला. मी निघाले तेव्हा तो जिन्यापर्यंत आला. मला वाटलं शिव्या देईल, निदान माफ केलं म्हणेल. त्याने फक्त एक विचारलं, "मला माहीत आहे हे तिला कळलं होतं का?" मी म्हटलं, मला नाही माहीत. हे मात्र खरं बोलले.

वर्षभर मला वाटत होतं, मी एकटीने तुला त्या खुर्चीत बसवलंय. सायमनलाही तसंच वाटत होतं, त्याने एकट्याने. आणि तू तर आम्हा दोघांनाही चांगली ओळखून होतीस. सायमन खोटं लपवायला लागला की कान खाजवतो, हे तूच मला सांगितलं होतंस. मग तुला दिसलं असणार. की नव्हतं दिसलं? तू मला सांग म्हणालीस ते त्याला कळावं म्हणून, की त्याला कळलेलंच आहे, आता निदान आम्ही दोघांनी तुझ्यासमोर ते कबूल करावं म्हणून? काल रात्रीपासून मी हेच धरून बसले आहे. कळलं नसेल तर आम्ही तुला फसवलं. आणि कळलं असेल, फिलो, तर आमची दोघांची वाट बघत तू तो सगळा हिवाळा वाऱ्यात बसून काढलास.